दादा आली का?

इंग्लंडमध्ये जुन्या पोस्टकार्डांचे बाजार भरतात, हे इथं येऊन अर्धं आयुष्य गेलं तरी मला माहीत नव्हतं. ते चर्चच्या हॉलमध्ये किंवा गावातल्या स्पोर्ट्स हॉलमध्ये भरतात, बहुतेक रविवारी, आणि तिथं जमलेली मंडळी पाहिली की आपण अजून तरुण आहोत असं वाटून बरं वाटतं. लांबच लांब टेबलांवर खोकी मांडलेली असतात आणि खोक्यांत कार्डं उभी लावलेली, प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात. यॉर्कशरला एक आख्खं टेबल आणि उरलेल्या जगाला मिळून एक खोका, असा सगळा न्याय. त्या खोक्यावर लिहिलेलं असतं, 'फॉरिन'.

आम्हाला झांजिबारची कार्डं हवी होती. ती एका ठिकाणी कधीच मिळत नाहीत, हा शोध माझ्या नवऱ्याने लावला. नारळीची झाडं, सुलतानाचा वाडा आणि बंदर 'फॉरिन'मध्ये. पडाव आणि गलबतं 'शिपिंग'मध्ये. आणि माणसं 'एथ्निक' नावाच्या तिसऱ्याच खोक्यात, तिथं त्यांच्या शेजारी एस्किमो आणि स्कॉटिश घागरेवाले. साम्राज्य जाऊन जमाना झाला, पण त्याची मांडणी कॉव्हेंट्रीच्या एका चर्चच्या हॉलमध्ये अजून जशीच्या तशी आहे.

हे सगळं सुरू झालं ते सासूबाईंमुळे. त्यांचा जन्म झांजिबारचा. वडील तिथं इंग्रज सरकारच्या कचेरीत कारकून होते. सासूबाई नऊ-दहा वर्षांच्या असताना ते कुटुंब बोटीने मुंबईला आलं आणि पुढे पुण्याला गेलं ते गेलंच. सासूबाईंनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. आमच्या लग्नाच्या पत्रिकेतल्या दोन चुका त्यांनी पत्रिका छापून आल्यावर शाईने दुरुस्त केल्या होत्या, सगळ्या पत्रिकांवर, स्वतः बसून. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आल्या आणि इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकाचं शुद्धलेखन सुधारायला लागल्या. झांजिबारचं नाव मात्र कधी निघायचं नाही. लवंगांची बरणी उघडली की त्या क्षणभर थांबायच्या, तेवढंच.

मग त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग आम्ही कोण ते. मेमरी क्लिनिकच्या नर्सने सांगितलं की लहानपणाचे फोटो दाखवा, त्याने पेशंट शांत होतो. आमच्याकडे झांजिबारचा एकही फोटो नव्हता. तेव्हा नवऱ्याने ठरवलं की तिचे फोटो नसले तर नसोत, तिच्या गावाचे आणू.

माझा नवरा निवृत्त भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि जेवणाच्या टेबलावर ती कला अजून त्याच्या हातात आहे. सुरुवातीला त्याने आईसाठी म्हणून चार-दोन कार्डं आणली. पुढे भिंग आलं. मग खास कागदाचे अल्बम आले, पांढरे सुती हातमोजे आले. कोणत्या छायाचित्रकाराने कोणत्या गल्लीत तिपाई लावली होती, यावर तो पाहुण्यांना व्याख्यान द्यायला लागला. सासूबाईंच्या हाताला लाडवाचं तूप असेल तर अल्बम त्यांच्यापासून लांब ठेवला जायचा. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्यांना चित्रं बघायला हात धुऊन यावं लागे, आणि हात धुवायला गेल्या की त्या कशासाठी गेलो ते विसरायच्या.

कार्डं मजेशीर होती हे खरं. 'झांजिबारमधील एक रम्य रस्ता' म्हणून छापलेल्या चित्रात चिखल आणि एक गाढव. 'स्वाहिली सुंदरी' नावाची तीन कार्डं आमच्याकडे होती. तिन्हींवर एकच मुलगी होती आणि चौथ्या कार्डावर तीच दागिने घालून 'अरब राजकन्या' झाली होती. एकाच्या मागे कुणा साहेबाने डर्बीतल्या मावशीला लिहिलं होतं की इथं फार उकडतं आणि नोकर कॉलरला नीट इस्त्री करत नाहीत. पुढच्या बाजूला चटयांवर वाळत घातलेल्या लवंगांचा समुद्र पसरलेला, त्याबद्दल एक अक्षर नाही. मावशीलाही त्यात रस नसावा.

एका दुपारी नवरा बाहेर गेला होता. मी मुद्दाम अल्बम काढला आणि हात धुवायला न लावता सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानं उलटली. बंदर, वाडा, गाढव. मग एका कार्डावर त्या थबकल्या. नक्षीच्या मोठ्या दाराच्या पायरीवर एक मुलगी बसलेली होती, अंगाभोवती छापील कापड गुंडाळलेलं, आणि फोटोवाल्यावर वैतागल्यासारखी सरळ बघणारी. सासूबाईंनी कार्ड पाकिटातून काढलं, तिच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं,

"दादा आली का?"

मला धक्का बसला तो 'आली'चा. आमच्या घरात 'दादा' म्हणजे माझे थोरले दीर. घरातला मोठा मुलगा म्हणून धाकट्यांनी हाक मारली आणि मग आईवडिलांनीही तीच उचलली. पण दादा 'आला' म्हणतात, 'आली' नाही. हे सासूबाईंना कळेनासं व्हावं, म्हणजे आता काही उरलं नाही असं मला वाटलं. त्या मला विसरल्या तेव्हाही मी इतकी हादरले नव्हते.

संध्याकाळी नवऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याने आधी कार्ड पाकिटात परत घातलं आणि मग सांगितलं की हे चित्र आईच्या जन्माआधीचं आहे, त्यामुळे यातलं कुणी तिच्या ओळखीचं असणं शक्य नाही. नंतर फोनमध्ये नोंद केली: लिंगभेद जाणवत नाही, भाषा जाते आहे. रविवारी मँचेस्टरहून मुलीचा फोन आला. ती इथं जन्मलेली. तिच्या मराठीत टेबल रोज वेगळ्या लिंगाचं असतं आणि त्यावरून आजीने तिला लहानपणी रडवलेलं आहे. ऐकून ती म्हणाली, "मग आता मी आणि आजी सेम लेव्हलला आलो ना?" नवऱ्याला हे अजिबात आवडलं नाही. आईच्या भाषेवर नातीच्या मराठीचा परिणाम झाला असावा, अशीही एक शक्यता त्याने मांडून पाहिली.

पुढे प्रश्न वाढत गेला. सकाळी उठल्यावर, चहा घेताना, टीव्हीवर बातम्या चालू असताना, सासूबाई दाराकडे बघून विचारायच्या, "दादा आली का?" शेवटी नवऱ्याने लंडनजवळ इल्फर्डला भावाला फोन केला.

थोरले दीर हाडांचे डॉक्टर, तेही निवृत्त. मोडलेलं असेल ते सरळ करायचं आणि सरळ होत नसेल तर आधी आणखी मोडायचं, ही त्यांची पद्धत. माणसांच्या बाबतीतही तीच. गेली काही वर्षं ते आईला भेटायला वाढदिवसाला आणि दिवाळीला येत, आणि निघताना मला औषधांच्या सूचना देऊन जात. आई आपल्याला हाक मारते आहे हे कळल्यावर मात्र ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले. इतकं हळवं झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आईसमोर बसून म्हणाले, "आई, मी आलोय. दादा." सासूबाईंनी त्यांच्याकडे शिष्टाचाराने पाहिलं, चहा घेणार का विचारलं, आणि मग दाराकडे मान वळवून म्हणाल्या, "दादा आली का?"

कुणीही दुसरा खट्टू झाला असता. भाऊजींनी उपपत्ती काढली. त्यांनी ते पायरीवरच्या मुलीचं कार्ड मागून घेतलं, खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साम्य आहे."

"कुणाशी?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्याशी. अरे, आईला मुलगी नव्हती. मी तीन वर्षांचा असताना तिने मला परकर-पोलकं घालून, गजरा माळून स्टुडिओत फोटो काढला होता. तोच तिला आठवतोय. म्हणून ती 'आली' म्हणतेय. लॉजिकल आहे."

आपल्याकडे हे प्रत्येक घरात चालायचं, त्यामुळे कुणाला हसताही येईना. तो फोटो मी पाहिलेला आहे. त्यात गजरा घातलेलं एक रडकं गोल बाळ आहे आणि जगातल्या कुठल्याही सुंदरीशी त्याचं काही साम्य नाही. पण नवऱ्याला उपपत्ती पटली. त्याने फोनमधली आधीची नोंद पुसून ही नवी लिहिली. दोन डॉक्टर एकमेकांना पटले की पेशंटला काही बोलायचं उरत नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पुढच्या आठवड्यात भाऊजींनी सांगितलं की आई जर रात्रंदिवस माझाच ध्यास घेऊन बसली आहे, तर तिने माझ्याकडेच राहायला हवं. इल्फर्डला खालची खोली रिकामी आहे, जवळच डे-सेंटर आहे, तिथं आपली माणसं खूप आहेत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही खूप केलंत. आता तुम्हालाही ब्रेक मिळेल."

ब्रेक हवा म्हणून मी कितीदा कुरकुरले होते. सासूबाईंना एकटं सोडता येत नाही म्हणून आम्ही कुठं जाऊ शकत नाही, हे मी मैत्रिणींना फोनवर ऐकवलेलं होतं, अनेकदा. आता तो ब्रेक ताटात वाढून समोर आला आणि माझ्या घशाखाली उतरेना. मला राग आला होता. भाऊजींवर आलाच होता, पण खरं सांगायचं तर सासूबाईंवर जास्त. न्हाऊ मी घालणार, रात्री मी उठणार, मऊ भात मी भरवणार, आणि नाव निघणार वर्षातून दोनदा उगवणाऱ्या मुलाचं. माझ्याबद्दलही 'ती आली का' असं त्यांना कधी विचारावंसं वाटतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. ते विचारायचं नसतं आणि विचारून उपयोगही नव्हता.

जायचा दिवस ठरला. मी त्यांची बॅग भरायला घेतली आणि ती दिसल्यापासून सासूबाईंची घालमेल वाढली. बॅगेपाशी येऊन उभ्या राहायच्या, दाराशी जायच्या, परत यायच्या, आणि तोच प्रश्न. भाऊजी फोनवर म्हणाले की बघा, तिला कळलंय ती माझ्याकडे येणार ते. मलाही तसंच वाटलं आणि मी साड्या जरा जोरातच घड्या घालून कोंबल्या.

त्या दिवशी सकाळी भाऊजी गाडी घेऊन आले. बॅग गाडीत गेली. सासूबाई कोट घालून सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर ते कार्ड होतं. नवऱ्याने पाकिटाशिवाय ते त्यांना नेऊ दिलं, ही त्याच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट होती ते मला माहीत आहे. तेवढ्यात शेजारच्या गुजराती बेन थेपले घेऊन आल्या. बेन आणि सासूबाई यांच्यात फार जुना अबोला होता. पूर्वी कधीतरी सासूबाईंनी दिलेली आमटी चाखून बेन घरी गेल्या आणि गूळ घेऊन परत आल्या, त्यावरून. तेव्हापासून कुंपणावरून 'जय श्रीकृष्ण'पलीकडे काही नाही. बेन आफ्रिकेतून आलेल्या आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण कॉव्हेंट्रीत निम्मे गुजराती तिथूनच आलेले, त्यामुळे त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

बेन सासूबाईंशेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं.

"दादा आली का?"

बेननी माझ्याकडे बघून सहज विचारलं, "बा किसकी बहन का रास्ता देख रही हैं?"

बहीण नाही, मोठा मुलगा, हे काय समोर उभे आहेत, असं मी सांगितलं. बेन म्हणाल्या की मग दादा का म्हणतात? दादा तर बहीण. मोठी बहीण. स्वाहिलीत.

मग भाऊजींनी डॉक्टरी आवाजात विचारलं, "आर यू शुअर?"

"डॉक्टरसाब, मेरा तो जनम ही मोंबासा का है," बेन म्हणाल्या. आणि त्यांनी आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. तिकडे मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण. एवढ्या उलथापालथीत बाबा तेवढे बाबाच राहिले होते. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं व्याकरण कुठंही गेलेलं नव्हतं. इतके दिवस त्या बिनचूक मराठीत विचारत होत्या आणि आम्ही तिघे शिकलेले लोक त्यांची चूक काढत बसलो होतो.

बेननी स्वाहिलीत काहीतरी विचारलं. सासूबाईंचा चेहरा बदलला. त्या उत्तर द्यायला लागल्या, आधी अडखळत आणि मग भरभर, आम्ही कधीही न ऐकलेल्या एका पोरसवदा आवाजात. मध्येच मामा हा शब्द आला, दादा तर पुन्हा पुन्हा आला. नवरा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. बेनचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं. झांजिबारच्या घरी स्वयंपाकाला एक बाई होती, तिची मुलगी म्हणजे ही दादा. दिवसभर दोघी एकत्र असायच्या. सामान बंदरावर गेलंय, सगळे निघालेत. दादा सांगून गेली की थांब, मी बाजारातून तुझ्यासाठी काहीतरी घेऊन येते.

"बोलती हैं, बोट छूट जाएगी," बेन म्हणाल्या. "दादा अभी तक आई नहीं."

मला बॅग आठवली, तिच्याभोवती चाललेल्या त्यांच्या येरझाऱ्या आठवल्या, आणि मी सोफ्याच्या हातावर बसले. त्या कुणाकडेही जायला उत्सुक नव्हत्या. आम्ही त्यांना पुन्हा एकदा बोटीत बसवायला निघालो होतो.

भाऊजी बाहेर गेले. खिडकीतून मला ते ड्राइव्हवेवर गाडीला टेकून उभे दिसत होते. मला एरवी आनंद झाला असता, खोटं कशाला बोलू. मोठ्या माणसाची उपपत्ती अशी भुईसपाट झालेली पाहायला कुणाला आवडत नाही? पण पाठीला बाक आलेला तो म्हातारा माणूस आई आपल्यालाच हाक मारते म्हणून मोटरवेवरून धावत आला होता, आणि ती हाक त्याची नव्हती. माझीही नव्हती. त्या बाबतीत आम्ही दोघे अगदी बरोबरीत होतो. नवऱ्याने बाहेर जाऊन त्यांना आणू का विचारलं. मी नको म्हटलं.

थोड्या वेळाने डिकी उघडल्याचा आवाज आला. भाऊजी आत आले ते बॅग घेऊन. त्यांनी ती दाराआड ठेवली, सासूबाईंना दिसणार नाही अशी, आणि कोट काढून तिच्यावर टाकला. मग ते आईसमोर आले. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, स्वतःच्याच हॉस्पिटलात. खाली बसायला त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. ते जमिनीवर बसले.

सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून दाराकडे पाहिलं. "दादा आली का?"

"आले," भाऊजी म्हणाले. "मी आले. बोट थांबलीय."

मला वाटलं, आता त्या त्यांची चूक काढतील. त्यांनी मान खाली करून भाऊजींकडे पाहिलं. "किती उशीर केलास गं," त्या म्हणाल्या. मग कोटासकट सोफ्यावरून खाली सरकल्या, त्यांच्याकडे पाठ करून बसल्या आणि अंबाड्यातला आकडा स्वतःच काढून टाकला. पांढरे, विरळ केस पाठीवर आले.

"वेणी घाल," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ते काम रोज सकाळी माझं असायचं. मी आतून फणी आणून त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या शेजारी खाली बसले.

"तीन पेड करायचे, भाऊजी," मी सांगितलं. "आणि ओढू नका, त्यांना दुखतं."